घुबडांच्या उपजाती आणि त्यांची मापं: आकडे वाचायचे कसे

अमेरिकेतल्या शृंगी घुबडाचं वजन पुस्तकात शोधलं तर साधारण ९०० ग्रॅम ते अडीच किलो असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. एकाच पक्ष्याच्या वजनात एवढी तफावत पाहून वाटतं, कुणीतरी नीट मोजलेलं नाही. मोजलेलं बरोबरच असतं. अलास्का आणि उत्तर कॅनडातली मादी दीड-दोन किलोंची भरते. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया या रखरखीत द्वीपकल्पावरचा नर किलोभर भरला तरी खूप. दोघांची प्रजाती एक, उपजाती वेगळ्या. पुस्तकातल्या त्या एका ओळीत बर्फाळ उत्तरेपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतचे नर, माद्या, लहान, मोठे सगळे एकत्र कोंबलेले असतात. त्यामुळे ती ओळ खरी असूनही तिच्यावरून एखाद्या ठिकाणच्या घुबडाबद्दल फारसं काही कळत नाही.

उपजाती म्हणजे एका प्रजातीतला असा गट, जो ठरावीक भूभागात वीण करतो आणि आकार, रंग किंवा इतर लक्षणांत शेजारच्या गटापेक्षा ओळखू येण्याइतका वेगळा दिसतो. दोन गटांची हद्द जिथे मिळते तिथे त्यांची एकमेकांत वीण होऊ शकते, म्हणून त्यांना वेगळ्या प्रजाती म्हणत नाहीत. शास्त्रीय नावात प्रजातीच्या दोन शब्दांपुढे तिसरा शब्द लागतो तो उपजातीचा. हे सगळं ऐकायला सरळ आहे. खरी अडचण ‘ओळखू येण्याइतका वेगळा’ या शब्दांत आहे. किती वेगळा? आणि ते वेगळेपण मोजायचं कशानं?

घुबडाच्या बाबतीत सर्वांत जास्त वापरलं जाणारं माप म्हणजे मिटलेल्या पंखाची लांबी. पंख जिथे मनगटासारखा दुमडतो त्या सांध्यापासून सर्वांत लांब उड्डाणपिसाच्या टोकापर्यंतचं हे अंतर. त्यासाठी एक खास पट्टी असते. तिच्या शून्याच्या टोकाला उभा अडसर असतो. पंखाचा सांधा त्या अडसराला टेकवायचा, पंख पट्टीवर ठेवायचा आणि पिसाचं टोक जिथे येईल तो आकडा वाचायचा. पण घुबडाचा पंख मऊ आणि चांगलाच कमानदार असतो. तो जसाच्या तसा ठेवून मोजला तर एक आकडा येतो. हलकेच दाबून सपाट केला तर थोडा मोठा येतो. दाबून शिवाय पिसं सरळ ताणली तर त्याहून मोठा. पक्षी तोच, माणूस तोच, तरी काही मिलिमीटरांचा फरक पडतो. आता एका संशोधकानं उत्तरेकडची घुबडं पंख ताणून मोजली आणि दुसऱ्यानं दक्षिणेकडची न दाबता, तर दोन तक्ते शेजारी ठेवल्यावर उत्तरेची घुबडं मोठी दिसणारच. त्यात निसर्गाचा हात किती आणि मापाच्या पद्धतीचा किती, ते नुसत्या आकड्यावरून कळत नाही. म्हणून चांगल्या तक्त्याखाली मोजण्याची पद्धत लिहिलेली असते. माझ्या मते मापं वाचताना सर्वांत आधी तीच ओळ शोधावी.

पंखाबरोबर शेपटी, पायाची नळी आणि चोच मोजतात. घुबडाच्या चोचीच्या बुडाशी मऊ त्वचेचा पट्टा असतो आणि तो राठ पिसांखाली झाकलेला असतो, म्हणून तिथून मोजायचं की कवटीपासून हे आधी ठरवावं लागतं. यात भर म्हणजे मापांचा मोठा साठा संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांवरून आलेला आहे. कातडं वाळताना पंख किंचित आखडतो, त्यामुळे जिवंत पक्ष्याचं आणि वाळलेल्या नमुन्याचं माप थेट ताडून बघता येत नाही. पिसांची टोकं वर्षभरात झिजतात, ते आणखी वेगळं. पीस नवं की जुनं हे तपासायला घुबडांच्या बाबतीत एक सुंदर सोय आहे. अनेक घुबडांच्या पंखांत खालच्या बाजूला पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते अतिनील प्रकाशात गुलाबी चमकतं. उजेडानं ते हळूहळू नष्ट होतं, म्हणून नवं पीस जास्त चमकतं, जुनं फिकं पडतं. पायात कडी अडकवण्यासाठी रात्री पकडलेल्या घुबडाचा पंख अशा दिव्याखाली धरला की कुठलं पीस यंदाचं आणि कुठलं मागच्या वर्षीचं ते पटकन दिसतं. त्यावरून पक्ष्याच्या वयाचाही अंदाज बांधता येतो.

वजन मात्र फार चंचल. ऐंशी ग्रॅमच्या घुबडानं वीस ग्रॅमचा उंदीर गिळला तर त्याचं वजन क्षणात पाव पटीनं वाढतं. विणीच्या आधी मादी जड होते, पिल्लं वाढवताना उतरते, हिवाळ्यात चरबी साठते. शिवाय दिसणारा आकार आणि वजन यांचं नातंही घुबडांत फसवं आहे. उत्तरेकडच्या जंगलातलं ग्रेट ग्रे घुबड लांबीला जगातल्या सर्वांत मोठ्या घुबडांत मोडतं, पण त्या भल्यामोठ्या डोक्या-अंगात बरीचशी पिसंच असतात. वजन साधारण किलो-सव्वा किलोच्या घरात. लांबीनं त्याच्याहून कमी भरणारं हिमघुबड त्याच्यापेक्षा बरंच जड असतं. तेव्हा ‘ही उपजाती मोठी’ असं कुणी म्हटलं तर कशात मोठी, हे विचारायलाच हवं.

आता नर-मादीचा प्रश्न. उपजातींच्या तुलनेत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. बहुतेक पक्ष्यांत नर मोठा असतो किंवा दोघं सारखे असतात. घुबडांत बहुधा मादी मोठी असते. टेंगमाल्म घुबडाचं उदाहरण बघा. युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेतल्या थंड जंगलांत राहणारं हे छोटं घुबड. नर जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, तर विणीच्या काळातली मादी दीडशेच्या पुढे सहज जाते. असं का, यावर बरीच मतं आहेत. नर लहान आणि चपळ असला की उंदरांमागे शिकारीला बरा पडतो. मादी अंड्यांवर बसते तेव्हा मोठं शरीर ऊब राखतं आणि उपासमारही झेलतं. एका मतावर सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. आणि नियमाला अपवादही ठसठशीत आहेत: ऑस्ट्रेलियातलं पॉवरफुल घुबड आणि त्याच्या काही नातलगांत नरच मोठा असतो.

याचा उपजातींशी संबंध काय? समजा एका प्रदेशातून दहा नमुने आले, त्यात आठ माद्या. दुसऱ्या प्रदेशातूनही दहा, पण त्यात आठ नर. सरासरी काढली की पहिला प्रदेश मोठ्या घुबडांचा ठरतो. प्रत्यक्षात दोन्हीकडचा नर सारखा आणि मादीही सारखी असू शकते. बऱ्याच घुबडांत नर-मादीचा रंग जवळजवळ एकच असतो, त्यामुळे जुन्या नमुन्यांवरची लिंगाची नोंद चुकली असेल तर ती पिसांवरून पकडताही येत नाही. म्हणून नरांची मापं नरांशी आणि माद्यांची माद्यांशीच ताडायची, हा पहिला नियम. ज्या तक्त्यात दोघांचं मिळून एकच माप दिलेलं असेल त्यावरून उपजातींबद्दल मी तरी काही निष्कर्ष काढणार नाही.

एवढी काळजी घेतल्यावरही फरक उरतो, आणि तो खरा असतो. त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत. १८४७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बर्गमान यांनी एक निरीक्षण मांडलं: उष्ण रक्ताच्या प्राण्यांत थंड प्रदेशातले प्राणी त्यांच्या गरम प्रदेशातल्या जवळच्या नातलगांपेक्षा मोठे असतात. कारण साधं भूमितीचं आहे. शरीराची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो, पण आकारमान आठपट. उष्णता तयार होते ती आकारमानात आणि निसटते पृष्ठभागातून. म्हणून मोठं शरीर ऊब जास्त राखतं, जसं मोठ्या पातेल्यातलं पाणी वाटीतल्या पाण्यापेक्षा उशिरा निवतं. पिंगळ्यात हे चांगलं दिसतं. उत्तर भारतातली त्याची ‘इंडिका’ ही उपजाती दक्षिणेतल्या ‘ब्रामा’ या उपजातीपेक्षा मोठी आणि फिकी आहे. युरेशियातल्या शृंगी घुबडातही (ही अमेरिकेतल्यापेक्षा वेगळी प्रजाती) स्पेनकडची उपजाती लहान आणि गडद, तर सैबेरियाकडच्या उपजाती मोठ्या आणि फिक्या.

पण थंडी हे एकच कारण धरून बसलं की गाडी लवकर अडते. बेटांवरची घुबडं बघा. गॅलापागोस बेटांवरचं गव्हाणी घुबड उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या गव्हाणी घुबडाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं आहे. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावरचंही लहान आणि आखूड पंखांचं. अंदमानातलं गव्हाणी घुबडही असंच लहान; त्याला तर आता बरेच अभ्यासक स्वतंत्र प्रजाती मानतात. भक्ष्य कुठलं आणि केवढं मिळतं, स्पर्धक कोण आहेत, लांब उडायची गरज पडते का, या सगळ्याचा शरीरावर परिणाम होतो. उलट बाजूनं, पेरूच्या अँडीज पर्वतापासून थेट खंडाच्या दक्षिण टोकाच्या तिएरा देल फुएगोपर्यंतच्या गार वाऱ्यात राहणारं मॅगेलनचं शृंगी घुबड बर्गमानच्या हिशोबानं धिप्पाड असायला हवं होतं. ते दक्षिण अमेरिकेच्या सखल भागातल्या शृंगी घुबडापेक्षा लहान आहे, त्याची चोच आणि पंजेही नाजूक आहेत. पूर्वी त्याला अमेरिकेतल्या शृंगी घुबडाची उपजातीच धरत. आवाजही वेगळा आहे हे लक्षात आल्यावर त्याला वेगळ्या प्रजातीचा दर्जा मिळाला.

हिमघुबडाची तर एकही उपजाती मानत नाहीत, जरी ते आर्क्टिकभोवती सगळीकडे पसरलेलं आहे. लेमिंग हे उंदरासारखे छोटे प्राणी कुठे जास्त झाले त्याप्रमाणे ते एका खंडातून दुसऱ्या खंडात भटकतं, जिथे खाणं मिळेल तिथे वीण करतं. एवढी सरमिसळ चालू असली की स्थानिक वेगळेपण साचून राहत नाही. याउलट जागा न सोडणाऱ्या घुबडांत पिढ्यान्‌पिढ्या फरक साठत जातो.

आता सर्वांत कळीचा मुद्दा: रेघ कुठे मारायची?

समजा उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत गेलो आणि वाटेत प्रत्येक टप्प्यावर घुबडांचे पंख मोजले. बऱ्याचदा माप एकदम बदलत नाही, थोडं थोडं कमी होत जातं. अशा सलग उतरत्या बदलाला ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी १९३८ मध्ये ‘क्लाइन’ हे नाव दिलं. दोन्ही टोकांची घुबडं शेजारी ठेवली की वेगळी दिसतात, मधली मात्र धड इकडची ना तिकडची. जुन्या काळी संग्राहक टोकाटोकांवरून नमुने आणत, मधला प्रदेश मोकळाच राही, आणि दोन टोकांना दोन नावं मिळत.

यावर काहीतरी मोजता येईल अशी कसोटी हवी म्हणून १९४९ मध्ये अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ डीन अमाडॉन यांनी पंचाहत्तर टक्क्यांचा नियम नीट मांडला. ढोबळ अर्थ असा: एका गटातले किमान पंचाहत्तर टक्के पक्षी दुसऱ्या गटातल्या जवळजवळ सगळ्या पक्ष्यांपासून, म्हणजे सत्त्याण्णव टक्क्यांपासून, वेगळे ओळखता आले पाहिजेत. १९५३ मध्ये मायर, लिन्सली आणि युझिंगर या शास्त्रज्ञांनी याचंच सोपं गणित दिलं. दोन सरासऱ्यांमधला फरक घ्यायचा आणि त्याला दोन्ही गटांच्या प्रमाण विचलनांच्या बेरजेनं भागायचं. उत्तर १.२८ किंवा जास्त आलं तर कसोटी पार. प्रमाण विचलन म्हणजे गटातली मापं सरासरीच्या आजूबाजूला किती विखुरलेली आहेत ते सांगणारा आकडा.

उदाहरणापुरती काल्पनिक मापं घेऊन हे करून बघू. एका छोट्या घुबडाचे दोन गट आहेत, फक्त नर मोजलेत. दोन्ही गटांत प्रमाण विचलन ४ मिलिमीटर आहे. पहिल्या गटाच्या पंखाची सरासरी १५० मिलिमीटर, दुसऱ्याची १५२. प्रत्येकी शंभर पक्षी मोजले असतील तर संख्याशास्त्राची नेहमीची चाचणी सांगेल की हा फरक योगायोगाचा नाही. तो खराच आहे. पण आता एक अनोळखी नर हातात आला. १५१ च्या वर असेल तर दुसऱ्या गटाचा, खाली असेल तर पहिल्या, असं ठरवलं तर शंभरातले साधारण साठच बरोबर ओळखता येतील. डोळे मिटून सांगितलं असतं तरी पन्नास बरोबर आलेच असते. मग दुसऱ्या गटाची सरासरी १५८ धरू. फरक ८, विचलनांची बेरीज ८, भागाकार १. आता साधारण चौऱ्याऐंशी टक्के बरोबर येतात, तरी कसोटी पार होत नाही. त्यासाठी सरासऱ्यांमध्ये दहा मिलिमीटरांहून थोडा जास्त फरक लागेल. तेवढा असेल तेव्हा मधोमध रेघ मारून दोन्हीकडचे नव्वद टक्के पक्षी योग्य बाजूला पडतात.

हे गणित मला फार मोलाचं वाटतं, कारण सरासरीतला फरक आणि ओळखता येण्याजोगा फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून डोळ्यांसमोर उभं राहतं. ‘उत्तरेची उपजाती मोठी’ हे वाक्य खरं असूनही उत्तरेतला एखादा पक्षी दक्षिणेतल्या एखाद्यापेक्षा लहान निघू शकतो. म्हणूनच चांगला तक्ता सरासरीबरोबर विचलन आणि किती पक्षी मोजले तेही देतो. नुसता किमान आणि कमाल आकडा दिला तर तो नमुन्यांच्या संख्येवर नाचतो: जितके जास्त पक्षी मोजाल तितका एखादा अवाढव्य किंवा एखादा चिमुकला सापडण्याची शक्यता वाढते आणि पल्ला रुंदावत जातो.

नियमावर टीकाही झाली. त्याच १९५३ साली एडवर्ड विल्सन आणि विल्यम ब्राउन या जीवशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की वेगवेगळी लक्षणं भूगोलात वेगवेगळ्या दिशांना बदलतात. पंख उत्तर-दक्षिण बदलेल, रंग पूर्व-पश्चिम, पायाची लांबी आणखी तिसरीकडे. पंखावरून रेघ मारली तर उपजाती एक, रंगावरून मारली तर दुसरीच. म्हणून आज एकट्या पंखाच्या मापावर उपजाती सहसा टिकत नाही. घुबडांत आवाजाला विशेष वजन आहे, कारण घुबडाची साद शिकवलेली नसते, उपजत असते. ती बदलली तर खोलवरचं काही बदललं असण्याची शक्यता मोठी. जनुकांचा पुरावा त्याच्या जोडीला आला आहे. कॅनडाच्या हैदा ग्वाई बेटांवरचं सॉ-व्हेट घुबड मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपेक्षा गडद आहे, ते स्थलांतर करत नाही, आणि समुद्राच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले छोटे कवचधारी जीवही खातं. ‘ब्रुक्साय’ ही उपजाती ठरते ती अशा लक्षणांवर. पट्टी घेऊन बसलं तर तिचं वेगळेपण हाती लागायचं नाही.

आणि सगळी मापं शेवटी एका चिठ्ठीवर अवलंबून असतात. नमुन्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर ठिकाण आणि तारीख नसेल तर माप निरुपयोगी. तारीख महत्त्वाची, कारण हिवाळ्यात पकडलेलं घुबड शेकडो किलोमीटर उत्तरेचं पाहुणं असू शकतं. उपजातींच्या तुलनेला विणीच्या हंगामातले नमुनेच खरे. ठिकाण खोटं असेल तर काय होतं ते वनपिंगळ्याच्या बाबतीत दिसलं. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचा दावा केलेला वनपिंगळ्याचा नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात खानदेशात गोळा केलेला आणि नंतर चोरून नवी चिठ्ठी लावलेला होता, हे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलं. त्याआधी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शंभरहून जास्त वर्षं हरवलेला हा पक्षी महाराष्ट्रात शहाद्याजवळ जिवंत सापडला होता. खोट्या चिठ्ठीवर विसंबून नुसतं गुजरातेतच शोधत राहिले असते तर तो आणखी किती वर्षं हरवलेलाच राहिला असता, कोण जाणे. माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातले इतर पक्ष्यांचे अनेक नमुनेही असेच संशयास्पद निघाले आणि त्यांच्यावर आधारलेल्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या.

हे सगळं निव्वळ संग्रहालयातलं काम नाही. अमेरिकेत संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यात उपजातीलाही संरक्षण मिळतं. ठिपकेवाल्या जंगली घुबडाच्या तीन उपजाती आहेत. त्यातली उत्तरेकडची १९९० मध्ये आणि मेक्सिकोकडची १९९३ मध्ये कायद्याच्या यादीत आली. उत्तरेकडच्या उपजातीमुळे वायव्य अमेरिकेतल्या जुन्या जंगलांची तोड मोठ्या प्रमाणावर थांबली. या उपजाती सहसा रंगावरून आणि ठिपक्यांच्या आकारावरून ओळखतात: उत्तरेकडची सर्वांत गडद आणि बारीक ठिपक्यांची, मेक्सिकोकडची फिकी आणि मोठ्या ठिपक्यांची. उत्तरेकडची आणि कॅलिफोर्नियाची यांच्यामधली हद्द उत्तर कॅलिफोर्नियात पिट नदीच्या परिसरात धरली जाते, आणि तिथे दोन्हींच्या जनुकांची सरमिसळ आढळते. घुबडं दोन्ही बाजूंना सलग राहतात. एका बाजूच्या घुबडाला मिळणारं संरक्षण दुसऱ्या बाजूच्या घुबडाला १९९० मध्ये मिळालं नाही.